धुक्याचा दलाल

माझ्या फोटोंना पहिलं गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या माणसाने माझी ओळख कशी करून दिली, ते आधी सांगतो. सेलूच्या बैलबाजारात, कडुलिंबाखाली, माझ्या खांद्यावर हात ठेवून कवडूजी डेकाटे जमलेल्या शेतकऱ्यांना म्हणाले, "हे आमचे बाबूजी. फोटो काढतेत. हात जरासा कापते. दोनचार फोटो हालतेतच. उन्हाचा अंदाज काई येत नाई यायले. पन मानूस खोटा नाई. देतो म्हनलं तं फोटो देते."

मी त्या दिवशी नवा बुशशर्ट घालून, केसांना तेल लावून, कलावंतासारखा दिसावा असा चेहरा करून उभा होतो. तो चेहरा कुठे ठेवावा ते मला कळेना.

आणीबाणी उठली त्याच्या आगेमागे माझी बदली वर्ध्याजवळच्या सेलूला झाली होती. मी नगरकडचा, सरकारी कचेरीतला कारकून. सोबत बायको सुमन, दोन ट्रंका आणि मेव्हण्याने दिलेला एक डबा कॅमेरा. त्या डब्यावर माझी फार भिस्त होती. कचेरीत मी आवक-जावक सांभाळत असलो, तरी मनातून स्वतःला छायाचित्रकार समजत असे. रविवारी सायकल काढून बोर धरणाकडे जायचं आणि धुकं, वाळलेलं झाड, रिकामी बैलगाडी, बंद दाराची कडी असं काहीबाही टिपायचं. माझ्या फोटोंत माणसं नसत. कारण माणसांना आधी विचारावं लागतं आणि मला विचारायची लाज वाटे. पुढे मी त्या लाजेलाच माझी शैली म्हणू लागलो.

फोटो विकायचे असं मनाने घेतलं, तेव्हा मी ते मासिकांना धाडू लागलो. परतीची तिकिटं मी इमानदारीने जोडत असे आणि संपादकही ती इमानदारीने वापरत. शेवटी वाचनालयाच्या व्हरांड्यात दोरी बांधून मी स्वतःच प्रदर्शन भरवलं. प्रत्येक फोटोखाली शीर्षक आणि किमतीची चिठ्ठी. दोन दिवसांत एकाच गृहस्थांनी किमतीची चौकशी केली, ती फोटो टांगायला वापरलेल्या चिमट्यांची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कवडूजी आले. ते आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. उंच, सडपातळ, पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, आणि एक डोळा कायम अर्धा मिटलेला. त्यांची केळीची बाग मुलं बघत. ते स्वतः बैलांचे दलाल, आणि दलाली हा त्यांचा धंदा कमी आणि हौस जास्त होती. जगातली कुठलीही वस्तू त्यांच्या समोर आली की ती कोणाला तरी विकायचीच आहे अशा नजरेने ते तिच्याकडे बघत. दुसऱ्याच्या घरी गेले की माठावर टिचकी मारून बघत. कोणाच्या बारशाला गेले की बाळाचा पाय उचलून टाच बघत आणि "चालीचा निघन" असं सांगून पेढा घेत. आम्ही खोली बघायला आलो तेव्हा घरमालकाच्या आधी हेच पुढे झाले होते आणि सुमनला म्हणाले होते, "वयनी, घर चांगलं हाय. पन पावसाळ्यात ही भित गळते, अन् शेजारी लय बोलका हाय." शेजारी म्हणजे ते स्वतः.

खोड आधी सांगायची, हा त्यांचा कायदा होता. बैल लाथ मारतो, उजवा खांदा चोरतो, नदीत उतरायला कां-कूं करतो, जे असेल ते गिऱ्हाइकाने विचारायच्या आत सांगून टाकायचं. पोरीच्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी पाहुण्यांना सांगितलं होतं, "पोरगी तापट हाय. भाजीत मीठ जास्त टाकते. मले पन बोलते." पाहुण्यांनी तिथल्या तिथे सुपारी फोडली. त्या पोरीची सासू पुढे सगळ्यांना सांगे, की व्याह्यांनी सांगितलं त्यातलं एक अक्षर खोटं निघालं नाही.

तर कवडूजी प्रदर्शनात आले आणि दोरीवरचा एक फोटो त्यांनी सरळ काढून हातात घेतला. बोर धरणावरचं धुकं. मागे मी शाईने सही करून नाव लिहिलं होतं, 'शून्याचा काठ'. त्यांनी तो उलटा केला, उजेडाकडे धरला, हुंगला.

"बाबूजी, शून्य तं दिसून राह्यलं. काठ कुठी हाय?"

मी एका फिकट रेघेवर बोट ठेवलं. "हा बघा. आणि हा खांब."

"हं. विकाचा हाय?"

"हो."

"मंग इथं काऊन टांगला? पुस्तक फुकट वाचनारे लोक हेत हे. बाजाराच्या दिशी आना तिकडे."

असा मी बाजारात उभा राहिलो. कवडूजींनी कडुलिंबाला दोरी बांधली, माझे फोटो लावले आणि माझ्या सगळ्या खोडी सांगितल्या. खोडी लोकांना पटल्या. फोटोंकडे मात्र कोणी बघेना. रिकाम्या बैलगाडीच्या फोटोपुढे एक म्हातारा बराच वेळ थांबला, म्हणून माझ्या मनात आशा आली. तो मला म्हणाला, "बैल चोरीले गेले काय?"

कवडूजींनी मला बाजूला घेतलं. "बाबूजी, लोकायले लोकायचा बैल नाई पायजे. त्यायले त्यायचा पायजे. तुमी जोडीचे फोटो काढा."

मला फार वाईट वाटलं. मी धुक्याचा माणूस, बैलांचे फोटो काढू? पण गुणवंतजी नावाचे एक शेतकरी आपली पांढरी जोडी घेऊन समोर आलेच होते, आणि कवडूजींनी माझ्या वतीने त्यांच्याशी दुपट्ट्याखाली हात घालून सौदाही केला. बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दोघांनी दुपट्ट्याखाली हात घालायचे आणि बोटं धरून, दाबून, सोडून किंमत ठरवायची. वरून दोघेही आभाळाकडे बघत असायचे. माझ्या कलेची पहिली किंमत अशी दोन माणसांनी आभाळाकडे बघत ठरवली आणि मला ती घरी गेल्यावर कळली.

गुणवंतजींची जोडी मी कलात्मक कोनातून टिपली. गुडघ्यावर बसलो, मान वाकडी केली, सूर्य शिंगाच्या टोकावर घेतला. फोटो धुऊन आला तेव्हा गुणवंतजींनी तो हातभर लांब धरून बघितला. "बाबूजी," ते शांतपणे म्हणाले, "मी दोन आनलते. तुमी दीडच देल्ला."

दुसऱ्या बैलाचा मागचा अर्धा भाग माझ्या चौकटीत आलाच नव्हता. तेव्हापासून प्रत्येक फोटोच्या आधी कवडूजी माझ्या मागे उभे राहून मोठ्याने पाय आणि शिंगं मोजत, आणि सगळी भरली की "दाबा" म्हणत. माझी शैली तिथे संपली आणि धंदा सुरू झाला.

कॅमेऱ्यातलं मात्र त्यांना काही कळत नसे, आणि ते मान्य करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बैलाला कासरा सोडून दम खाऊ द्यावा तसा कॅमेऱ्यालाही द्यावा, असं त्यांचं ठाम मत होतं. एका पोळ्याला जोड्यांची रांग लागली असताना त्यांनी कॅमेरा माझ्या गळ्यातून काढला आणि ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून सावलीत ठेवला. अख्खा रोल डागाळला. मी कपाळाला हात लावून बसलो. कवडूजी मात्र घरोघर जाऊन सांगून आले, की फोटो बिघडले, अर्धी चूक त्यांची स्वतःची आणि अर्धी मशीनची. लोकांनी जोड्या पुन्हा सजवून आणल्या, झुलींसकट.

धंदा जमू लागला तशी मला स्वतःच सौदा करायची हुक्की आली. एका बाजारात कवडूजी पलीकडे गुंतले होते. मी एका बकरीच्या मागे लागलो होतो, कारण तिच्या दाढीवर ऊन फार सुंदर पडलं होतं. पुढून, मागून, वाकून, बसून मी तिचे फोटो घेतले. एवढ्या बारकाईने बघणारं गिऱ्हाईक त्या बकरीच्या मालकाला जन्मात मिळालं नसेल. त्याने हसून दुपट्टा पुढे केला आणि त्याखाली हात. मला वाटलं, फोटो काढला म्हणून आभार मानतोय. मी त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि कचेरीतल्या निरोपसमारंभात करतात तसा प्रेमाने, चांगला घट्ट दाबला.

त्याने बकरीची दोरी माझ्या हातात दिली.

मी धावत कवडूजींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "हात देल्ला म्हंजे देल्ला, बाबूजी. आता काई नाई होत. भाव पन तुमी त्याच्या मनापेक्षा जास्तच देल्ला." मग बकरीचे दात बघून म्हणाले, "पन जनावर चांगलं हाय."

सुमन दारातच उभी होती. तिने बकरी बघितली, मला बघितलं. "तुम्ही फोटो विकायला गेला होता ना?" एवढंच म्हणाली आणि आत पाणी आणायला गेली. बकरीसाठी.

अशी तीन-चार वर्षं गेली. मी चांगला सेकंडहँड कॅमेरा घेतला. तालुक्यातले लोक मला बैलवाले बाबू म्हणू लागले. घरोघरी बैठकीच्या खोलीत देवांच्या तसबिरींशेजारी मी काढलेल्या जोड्या लागल्या. माझं भाग्य उजळलं, असं कोणीही म्हटलं असतं. पण एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी कवडूजींना मनातलं सांगून टाकलं. मला एक तरी फोटो असा विकायचा होता, ज्यात घेणाऱ्याचं काहीच नसेल. त्याचा चेहरा नाही, बैल नाही, घर नाही. निव्वळ फोटो आवडला म्हणून कोणी तरी तो घ्यावा. तसं एकदा झालं नाही, तर मी फोटोग्राफर नाही, नुसता बैलांचा कारकून, असं मला खरोखर वाटत होतं. 

कवडूजींनी ते आपल्या हिशोबात मांडून बघितलं. "म्हंजे दुसऱ्याचा बैल विकत घ्याचा, पन नांगराले लावाचा नाई, गाडीले लावाचा नाई. नुसता पाहाचा."

"तसंच काहीसं."

"अवघड हाय," ते म्हणाले. आणि उठता उठता, "द्या तो शून्याचा इकडे."

मी वर्ध्याच्या स्टुडिओतून तो फोटो मोठा करून आणला. कवडूजींनी तो पुठ्ठ्यात घालून, वरून वर्तमानपत्र गुंडाळून पिशवीत ठेवला आणि तेव्हापासून ते जिथे बैलांच्या मागे जात, तिथे तो सोबत नेत. आर्वी, हिंगणघाट, कारंजा. परत आले की मी दारात उभा असे. ते लांबूनच मान हलवत. "आज नाई गेला." कधी जास्त सांगत. कोणी विचारलं, हे काय पांढरं पांढरं? कोणी म्हणालं, फोटो जळला वाटते. ते स्वतः तर काहीच झाकत नसत. "याच्यात काई दिसत नाई," अशीच त्यांची सुरुवात असे.

मी एकदा म्हणालो, "जाऊ द्या कवडूजी. तो विकण्यासारखा नाहीच."

ते चिडले. "बाबूजी, बाजारात नाई विकलं म्हनून मी कधी जनावर सोडून आलो काय? त्याचं गिऱ्हाईक आलं नसन अजून." त्या रात्री ते आमच्याकडे चहालाही आले नाहीत.

आणि मग एका उन्हाळ्यात ते आले, बसले नाहीत, पाण्याचा पेला हातात धरून उभ्या उभ्याच म्हणाले, "गेला."

"कोण?"

"तुमचा शून्य. कारंज्याच्या ढाबेवाल्यानं घेतला."

मला काय झालं ते सांगू नये असंच आहे. मी कचेरीत पेढे वाटले. साहेबांना अर्ध्या तासाची हकिकत सांगितली. माझ्या फोटोकडे बघत रोज किती ट्रकवाले जेवत असतील, याची स्वप्नं बघितली. कवडूजींना पेढा दिला तर म्हणाले, दाढ दुखते. मी म्हटलं, एकदा जाऊन बघून येऊ. ते म्हणाले, ऊन लय हाय. मग म्हणाले, पाऊस लय हाय. मला वाटलं, म्हातारपणाचा कंटाळा.

शेवटी माझी भंडाऱ्याला बदली झाली, हुकूम हातात आला, आणि मी हट्टच धरला. आम्ही एसटीने निघालो. वाटेत कवडूजी एरवी प्रत्येक शेतातल्या जोडीची किंमत करत, त्या दिवशी ते खिडकीबाहेर बघतच नव्हते.

ढाबा हमरस्त्याला लागून होता. बाहेर ट्रकांची रांग, आत खाटा, तंदूरची धग. आणि गल्ल्याच्या वर, चांगल्या लाकडी चौकटीत, माझं धुकं. मी जागच्या जागी उभा राहिलो. खालची रेघ, खांब, सगळं होतं तसं होतं. फक्त त्याला चंदनाचा हार घातलेला होता आणि समोर उदबत्ती लावलेली होती.

ढाबेवाला जाडजूड, आनंदी माणूस होता. कवडूजींना बघून त्याने खाट झटकली आणि न विचारताच दोन ताटं मांडली. मी फोटोकडे टक लावून बघतोय हे पाहून तो जवळ आला.

"आवडला काय भाऊ? मले यायनंच आनून देल्ला. म्हने, याच्यात काई दिसत नाई. म्या म्हनलं, कवडूजी, दिवसभर ट्रका पाहून पाहून डोकं उठते, काई नाई दिसत अशीच चीज पायजे."

माझा ऊर भरून आला. शैली कळलेला पहिला माणूस मला कारंज्याच्या ढाब्यावर भेटत होता. "म्हणून घेतलात?"

"नाई नाई. तेवढ्यासाठी कोन पैसा देते? पन काढनारा गेला ना बिचारा." त्याने फोटोकडे बघून हात जोडले. "धरनावर फोटो काढता काढता पाय घसरला म्हने. हा त्याचा आखरी फोटो. म्हनून हार घातला. फोटोले नाई, त्याले."

मी कवडूजींकडे बघितलं. ते ताटातल्या कांद्याकडे बघत होते.

आधी मला राग आला. माझ्या कलेला आयुष्यात एकच गिऱ्हाईक मिळालं होतं, आणि तेही दुखवट्याला आलेलं. मी माझ्याच हाराखाली बसून शेवभाजी खात होतो. ओठांवर आलं होतं, की अहो, तो मीच. धडधाकट आहे. भंडाऱ्याला चाललोय. पण कवडूजींची मान खाली गेलेली मी तोवर कधी बघितली नव्हती. आयुष्यभर खोड सांगून विकणारा माणूस खोटं बोलला होता, आणि ते अशा ठिकाणी, जिथे जिल्ह्यातल्या बैलबाजारांकडे जाणारा प्रत्येक जण जेवायला थांबतो. मी एक वाक्य बोललो असतो, तर त्यांचा शब्द त्या रस्त्यावर कायमचा गेला असता.

"अन् हे कोन?" ढाबेवाल्याने त्यांना विचारलं.

कवडूजींनी कांदा उचलला आणि पुन्हा ताटात ठेवला.

"मी यांचा शेजारी," मी म्हणालो.

"मंग तुमी वळखत असान त्याले. कसा होता मानूस?"

"हौशी होता," मी म्हणालो. याहून खरं मला काही सुचलं नाही.

"फोटो चांगले काढे काय?"

मी काही बोलायच्या आत कवडूजींनी मान वर केली. "लय चांगले," ते म्हणाले. "त्याच्यावानी धुकं कोनी काढलं नाई. अन् मानूस तं सोन्याचा."

तिथेच ते थांबले. पुढे 'पन' आला नाही. हात कापण्याचं नाही, उन्हाचं नाही, कशाचंच काही नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी माझी केलेली ती पहिली निखळ तारीफ होती, आणि ती ऐकायला मी अधिकृतपणे हयात नव्हतो. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ तो खाली ठेवला नाही.

पुढच्याच आठवड्यात आम्ही भंडाऱ्याला गेलो. दोन उन्हाळ्यांनी कवडूजी वारल्याचं कळलं, तेही सगळं आटोपल्यावर. त्यामुळे मी त्यांना नीट असं शेवटचं बघितलं ते कारंज्याहून परतीच्या बसमध्ये. शेजारी जागा असून ते माझ्या पुढच्या बाकावर बसले होते. आर्वी गेली तरी त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मला त्यांचा दुपट्टा, मानेवरच्या सुरकुत्या आणि लाल झालेले कान एवढंच दिसत होतं.

बऱ्याच वेळाने ते तसेच, पुढे बघत म्हणाले, "तुमी दारात उभे राहत होते, बाबूजी. दरवेळी. 'नाई गेला' म्हनलं का तुमचं तोंड पाहवत नोतं मले."

मला बोलायचं खूप होतं.  पण मी नुसता खिडकीच्या गजाला धरून बसलो.

 शेवटी ते अख्खे वळले, तो अर्धा मिटलेला डोळा माझ्यावर लावला आणि काकुळतीला येऊन म्हणाले, "आता बोला ना काईतरी. मेल्यावानी काऊन बसले?"